पेढीवरील नवा विचार आणि मालकाची जबाबदारी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कोरपना येथे आयोजित व्यापारी स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'व्यवसायात नवविचारांना चालना कशी द्यावी' हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. चंद्रपूरच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झाल्यानंतर मी वडिलांच्या गादीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. या काळात मी कापड मोजले, उधारी वसूल केली आणि लगीनसराईचा माल वेळेवर भरला. नवविचार हा शब्द माझ्या दुकानाच्या पाटीवर कधी नव्हता. परंतु संयोजक म्हणाले, "शेठजी, ज्यांना जमले त्यांची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली. ज्यांना उशिरा उमगले अशा माणसाने बोलावे, अशी आमची इच्छा आहे." हे ऐकल्यावर नकार देण्यास जागाच उरली नाही.

आपला तालुका कसा आहे हे आपण जाणताच. एका अंगास आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने, दुसऱ्या अंगास कापूस, तूर, सोयाबीनची शेते, माणिकगडाचे जंगल आणि पलीकडे तेलंगणची सीमा. एकाच दिवसात दुकानाच्या पायरीवर मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि कारखान्यातील बाबूंची हिंदी अशा पाच भाषा ऐकू येतात. माझ्या आजोबांच्या वह्यांत हाली सिक्क्यातील हिशेब आहेत, कारण त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आज त्याच गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटविलेला आहे. कापूस वेचणारी बाईदेखील मुलाच्या मोबाईलवर साडीचा भाव पाहूनच दुकानात येते. अशा वेळी केवळ सचोटी आणि परिश्रम यांवर पेढी टिकेल, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे समजावीत होतो. सचोटी आणि परिश्रम हवेतच. परंतु ज्या पेढीत एकटा मालक विचार करतो आणि बाकीचे केवळ ताग्यांची घडी घालतात, ती पेढी मालकाच्या डोळ्यांना जेवढे दिसेल तेवढीच चालते. आणि साठीनंतर डोळ्यांना कमीच दिसू लागते.

आधी माझ्याच चुकीची हकीकत सांगतो, म्हणजे पुढे जे बोलेन ते बोलण्याचा मला काही अधिकार आहे की नाही, हे आपणच ठरवावे.

१९९७-९८ चा सुमार. माझ्याकडे जवळच्या खेड्यातील एक तरुण कामास होता. दहावीपर्यंत शिकलेला, मराठी आणि तेलुगू दोन्ही सफाईने बोलणारा, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याची ऐपत ओळखणारा. एका मे महिन्यात तो मला म्हणाला, "शेठजी, शाळेच्या गणवेशाचे कापड आपण मीटरवर विकतो. मग लोक शिंप्याकडे खेटे घालतात, आणि पोराचा गणवेश येईपर्यंत जुलै उजाडतो. आपणच गावातल्या चार शिंप्यांकडून एप्रिलमध्ये मापामापाचे गणवेश शिवून ठेवले तर?" मी त्याला म्हणालो, "आपण कापडाचे व्यापारी आहोत, शिंपी नाही. तू तो तागा दाखव." दुसऱ्या वर्षी तो हेच पुन्हा बोलला. तेव्हा मी वडिलांच्या काळापासूनची परंपरा त्याला ऐकविली. तिसऱ्या खेपेला मी हसलो. मालक हसला की दुकानातील इतरांना हसावेच लागते, तेही हसले.

त्या दिवाळीनंतर त्याने काम सोडले आणि शेजारच्या गावी एक लहान खोली भाड्याने घेऊन दोन शिलाई यंत्रे बसविली. पाच-सहा वर्षांत आसपासच्या बहुतेक शाळांचे गणवेश त्याच्याकडून जाऊ लागले, आणि माझ्या फळीवर निळ्या-पांढऱ्या शर्टिंगचे तागे पडून राहिले. पुढे एका लग्नात भेट झाली, तेव्हा मी त्याला सहज विचारले, "अरे, इतकी चांगली कल्पना होती, तर मला नीट पटवून का दिली नाहीस?" तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "शेठजी, मी तीन वर्षे बोललो. तिसऱ्या वेळी तुम्ही हसलात. त्यानंतर माझ्या मनात आलेले मी घरीच ठेवायला लागलो."

त्या शर्टिंगचे नुकसान मी कधीच भरून काढले. परंतु 'मनात आलेले मी घरीच ठेवायला लागलो' या वाक्याचा हिशेब मला आजही जुळविता आलेला नाही. आणखी किती जणांनी काय काय घरी ठेवले असेल, याची नोंद कोणत्याच खातेवहीत नसते.

आपण पर्युषणात अनेकान्ताचे विवेचन श्रद्धेने ऐकतो. वस्तूला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसते ती त्यांतील एक, हे आपल्या घरातील लहान मुलालाही पाठ असते. मात्र प्रवचन संपवून गादीवर बसलो की आपला एकान्तवाद सुरू होतो. ही टीका मी प्रथम स्वतःवर करीत आहे, कृपया कोणी राग मानू नये.

आता कापडाच्या धंद्यातीलच एक मोठे उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या विदर्भातील आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात कापड गिरणी काढावयाचे ठरविले, तेव्हा हिंदुस्थानातील कापड गिरण्या म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजींनी मात्र असा विचार केला की, कापूस वऱ्हाड-नागपूरकडे पिकतो, कोळसा आपल्या या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यास निघतो, रेल्वे नागपूरपर्यंत आलेली आहे. मग कापूस मुंबईस नेऊन कापड परत इकडे का आणावे? १८७४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. गिरणीसाठी घेतलेली जमीन पाणथळ होती, ती भराव घालून उंचवावी लागली. नागपुरातील एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितले असता, हा गृहस्थ मातीत सोने पुरतो आहे, असे म्हणून त्याने नकार दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने कबूल केले की, या माणसाने मातीत सोने पुरले नाही, माती घालून सोने काढले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्याच काळात मारवाडातून या बाजूस आलेले आहेत, म्हणून ही कथा ऐकताना मला थोडे हसू येते आणि थोडी शरमही वाटते. मी त्या सावकाराच्या जागी असतो तर दुसरे काय म्हणालो असतो?

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. या गिरणीचा व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी कोणाला निवडले, हे पाहण्यासारखे आहे. बेझनजी दादाभाई मेहता हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रविद्येसाठी ब्रुक्सबी नावाचा इंग्लंडातील जाणकार होता. ज्याला धंद्याची पूर्वपीठिका ठाऊक नाही तो, 'हे असेच का करावयाचे?' असा प्रश्न निःसंकोचपणे विचारतो, आणि ज्याला ठाऊक आहे तो, 'असे केल्यास काय बिघडेल?' हे सांगतो. अशी जोडी एकत्र बसविणे हे मालकाचे काम. आपण बहुधा उलट करतो. कापडाच्या दुकानात कापडाच्याच दुकानातून आलेला माणूस ठेवतो, आणि तो नवे काही सांगत नाही म्हणून तक्रारही करतो.

सुरुवातीची वर्षे सुखाची नव्हती. आधी घेतलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली व ती बदलावी लागली. पण यातून पोळल्यामुळे जमशेटजींनी नव्याकडे पाठ फिरविली असे झाले नाही. सूत कातण्याची रिंग चाती अमेरिकेत निघाली होती, परंतु इंग्लंडातील गिरणीवाले अद्याप साशंक होते आणि जुन्या म्यूल यंत्रांवर समाधानी होते. जमशेटजींनी एकदम सगळी गिरणी बदलली नाही. थोडी यंत्रे आणवून चालवून पाहिली, परिणाम नजरेस आल्यावर मग पुढे पाऊल टाकले. हिंदुस्थानात रिंग चाती रुजविणाऱ्या पहिल्या गिरण्यांत एम्प्रेस मिलची गणना होते.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. नागपूरकडील कामगारांना गिरणीच्या भोंग्याची सवय नव्हती. सण आला, पेरणी आली, पाहुणे आले की माणसे कामावर येत नसत. कोणत्याही मालकाने दंड लावला असता. जमशेटजींनी विचार केला की, माणूस येत नाही त्याअर्थी त्याला गिरणी आपली वाटत नाही. १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघातात जायबंदी होणाऱ्यास भरपाई देण्याची व्यवस्था झाली. गिरणीत हवा खेळती व दमट राहावी म्हणून यंत्रे बसविली, चांगल्या कामास समारंभपूर्वक बक्षिसे दिली. हे कायद्याने भाग पडण्यापूर्वी कित्येक वर्षे आधी केलेले आहे. गैरहजेरी हा कामगाराचा दोष मानला असता तर दंडापलीकडे विचार गेलाच नसता. तो गिरणीपुढील प्रश्न मानला, म्हणून नवे उत्तर सापडले. माझ्या मते मालकाची पहिली कसोटी हीच. ती एम्प्रेस मिल पुढे काळाच्या ओघात बंद पडली आणि आज नागपुरात तिचा भोंगा वाजत नाही. एकदा नवा विचार केला म्हणजे तो शंभर वर्षे पुरतो, असे मानण्याचे कारण नाही, हेही तिच्याचकडून शिकावे.

जपानमधील टोयोटा ही मोटारींची कंपनी सर्वांना माहीत आहे. परंतु तिचे मूळ आपल्याच धंद्यात, हातमागात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने असा माग तयार केला की, विणताना धागा तुटला तर माग आपोआप थांबावा. आधी काय होई? धागा तुटला तरी माग चालतच राही आणि वारच्या वार खराब कापड निघे. म्हणून प्रत्येक मागापाशी एक माणूस डोळे लावून उभा करावा लागे. १९२४ चा त्याचा स्वयंचलित माग इतका सरस ठरला की, १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रनिर्मात्यांनी त्याचे हक्क विकत घेतले. पुढे मुलाने मोटारी बनविल्या आणि तुटलेल्या धाग्याचा हाच विचार माणसांना लागू झाला. कोणाही कामगारास काही चुकते आहे असे दिसले तर त्याने दोरी ओढावी आणि अख्खी साखळी थांबवावी, अशी मुभा त्या कारखान्यात मिळाली. १९५१ पासून कामगारांच्या सूचना रीतसर मागविण्याची पद्धतही त्यांनी चालू केली. कल्पना करा, आपल्या दुकानातील नोकराने ऐन लगीनसराईत, "शेठजी, थांबा, हे चुकते आहे," असे म्हटले, तर आपण त्याला काय म्हणू? माझे उत्तर मी वर सांगितलेच आहे.

परंतु टाटा आणि टोयोटा ही फार मोठी नावे झाली. 'आमच्याकडे पाच माणसे आणि एक गल्ला, आम्हांस हे कोठून जमावे?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. म्हणून मी तुम्हांला नदीपलीकडे, आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात घेऊन जातो. तेथे व्यापार नाही, पण विषय हाच आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम आरंभिले. आदिवासी बांधव सरकारी इस्पितळात का येत नाहीत, असा प्रश्न त्यांना पडला. शिक्षण नाही, अंधश्रद्धा आहे, अशी तयार उत्तरे सर्वांपाशी होती. त्यांनी ती बाजूस ठेवून गावकऱ्यांनाच विचारले. उत्तर असे मिळाले की, मोठ्या इमारतीत वाट चुकते, नातलगांना राहावयास जागा नसते, आणि तेथील सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढरे कापड तर आम्ही प्रेतावर घालतो, मग जीव वाचविणारा माणूस तसा का येतो? मग दवाखाना कसा असावा हेही लोकांनीच सांगितले. शोधग्राम येथील दवाखाना एखाद्या गोंडी वस्तीसारखा उभा राहिला, आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. शिकलेल्या डॉक्टरांना सुचू न शकणारा नकाशा अक्षरशत्रू माणसांनी दिला, कारण त्यांना कोणी तरी विचारले.

दुसरी गोष्ट त्याच संस्थेची. लहान मुलास न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक आणि त्यापुढील तान्ह्या बाळाचे पन्नास किंवा अधिक झाले की धोका समजावयाचा. खेड्यातील सुईणीला हे शिकवावे तर तिला दहा-बारापर्यंतच मोजता येई आणि घड्याळ वाचता येत नसे. येथे शहाण्या माणसाने काय केले असते? शिकलेली सुईण शोधली असती, आणि ती त्या जंगलात मिळाली नसती. बंग दाम्पत्याने एक साधे साधन बनविले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया. झाले! उणीव सुईणीत आहे असे न मानता साधनात आहे असे मानले, म्हणून हे सुचले. पुढे १९९५ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, त्यातून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. आज देशभरातील आशाताई घरी येऊन बाळास पाहतात, त्याचे एक मूळ आपल्या शेजारी आहे.

या पांढऱ्या कपड्याच्या कथेने माझ्या दुकानात काय केले, ते सांगतो.

आपल्या सर्वांच्या जुन्या दुकानांत पांढरी गादी असे. स्वच्छ चादर, लोड, तक्के. वडिलांच्या काळापासून ती माझ्या दुकानाची शान होती आणि दर आठ दिवसांनी मी स्वतः उभा राहून चादर बदलवून घेत असे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साड्यांच्या विभागात एक बाई कामास लागल्या. बोलण्यात फार संकोची. एके दिवशी त्या म्हणाल्या, "काका, पाड्यावरच्या बाया पायरीपर्यंत येतात आणि परत जातात. त्यांच्या पायाला माती असते. एवढ्या पांढऱ्या चादरीवर पाय कसा ठेवायचा, म्हणून त्या आत येत नाहीत." माझ्या तोंडावर उत्तर तयार होते. चाळीस वर्षे माझ्यासमोर हे घडत होते आणि मला ते एकदाही दिसले नव्हते. मला दिसत होती ती चादर. पण त्या वेळी गणवेशाच्या तागांची आठवण झाली आणि मी तोंड मिटले. संपूर्ण गादी काढण्याचे धैर्य मला झाले नाही, हेही कबूल करतो. अर्ध्या दुकानातील गादी काढून तेथे साधी फरशी आणि बाकडी केली, एका हंगामापुरती. हंगाम संपल्यावर रोजमेळ पाहिला आणि उरलेली अर्धी गादीही काढली. आता फक्त माझ्या बसण्यापुरती एक चौरस उरली आहे. तीवर मांजर अधिक वेळ बसते.

यानंतर मी उत्साहाच्या भरात एक सूचना वही ठेवली. ती साफ फसली. पहिल्या महिन्यात तीन सूचना आल्या. पंखा दुरुस्त करावा, चहा दोनदा मिळावा, आणि शेठजींची तब्येत सांभाळावी! माझ्या माणसांपैकी दोघांना लिहिणे जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांना वही माझ्या हातात पडणार हे माहीत. वही ठेवली की विचार येतील, हा आपला बी.कॉम. झालेल्यांचा भ्रम आहे.

मग दुसरी पद्धत केली. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुकान तासभर उशिरा उघडतो. सगळे एका पातळीवर, खाली सतरंजीवर बसतो. सर्वांत नवीन माणूस आधी बोलतो आणि मी सर्वांत शेवटी. हा नियम पाळणे मला किती जड गेले असेल, हे आमच्या घरच्या मंडळींना विचारा. मालकाने आधी तोंड उघडले की बाकीच्यांची बुद्धी त्याच्या मताभोवती फिरू लागते. पहिले दोन-तीन महिने कोणी बोललेच नाही. पंख्याचा आवाज ऐकत बसलो. चौथ्या महिन्यापासून बोलू लागले.

सगळे विचार फळास आले असे मुळीच नाही. एका तरुणाने सुचविले की, टेम्पो भाड्याने घेऊन खेड्याखेड्यांत कापड विकावे. आम्ही चार महिने करून पाहिले. कापसाचा चुकारा मिळाला नव्हता तेव्हा लोकांनी उधार मागितले, मिळाला तेव्हा ते सरळ आदिलाबादला गेले. चाळीस हजार रुपये बुडाले. त्या दिवशी रोजमेळ लिहिताना माझा हात थबकला, कारण हा खर्च लिहावयाचा कोणत्या खात्यावर? तोपर्यंतच्या रिवाजाप्रमाणे नुकसानीपुढे कारण आणि माणसाचे नाव यावयाचे. मी विचार करून चोपड्यात एक नवे खाते उघडले, 'प्रयोग खाते'. दर दिवाळीला नफ्यातील ठराविक रक्कम त्या खात्यावर जमा करतो. नवे काही करताना होणारे नुकसान तेथे नावे पडते, आणि त्याच्या तपशिलात कोणाचेही नाव लिहावयाचे नाही, असा नियम केला. माझे कर सल्लागार हसले. त्यांच्या दृष्टीने तो साधा व्यवसाय खर्च. मी म्हटले, आयकर खात्यासाठी तुम्ही हवे तसे दाखवा, हे खाते माझ्या माणसांसाठी आहे. तो टेम्पोवाला तरुण आजही माझ्याकडे आहे आणि बोलायचा थांबलेला नाही. मागच्या वर्षी त्यानेच गिऱ्हाइकांना नव्या मालाची छायाचित्रे मोबाईलवर पाठविण्यास आरंभ केला; तेलुगू गिऱ्हाइकांना तेलुगूत. या खात्याचे ओझे त्याने परत फेडले की नाही, हे मी मोजत नाही.

आता थोडे आपल्या संस्थेकडे वळतो. अध्यक्ष महोदयांनी मला मोकळेपणाने बोलण्याची अनुज्ञा दिलेली आहे, तिचा मी लाभ घेतो.

गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे लहानसे गोंडी गाव आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी तेथे जाऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. आपल्या जंगलातील बांबू आपण विकावा, हा विचार त्या गावात एका रात्रीत आलेला नाही. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट चालत. एखादा विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो, मग ग्रामसभेत येतो, आणि ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी विषय पुढे ढकलतात. हात वर करून पाच मिनिटांत जो प्रश्न संपला असता, त्याला तेथे महिनेही लागतात.

आपल्या न्यासाच्या गेल्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मी कालच पुन्हा वाचले. चाळीस मिनिटांत अकरा ठराव झाले आणि प्रत्येकापुढे 'एकमताने मंजूर' असे लिहिलेले आहे. मेंढ्याची सहमती चर्चेच्या शेवटी येते, आपली सभा सुरू होण्यापूर्वीच आलेली असते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा न्यास स्थापन केला, त्यांच्यापाशी पैसा थोडा होता. तरी त्यांनी या आडवळणाच्या गावी मंदिर, धर्मशाळा आणि वाचनालय यांचा विचार केला, तो त्या काळी धाडसाचाच होता. आपण त्यांचे फोटो भिंतीवर लावले. त्यांची वादावादी मात्र जपली नाही. जुन्या मंडळींकडून ऐकले आहे की, धर्मशाळेच्या जागेवरून त्या काळी दोन वर्षे भांडण चालले होते.

त्याच गेल्या सभेत शेवटच्या रांगेतील एका मुलीने हात वर केला होता. कोणाची तरी सून किंवा मुलगी असेल, वेळ झाली आहे, भोजन थंड होईल, असे म्हणून तिला थांबविण्यात आले. इतिवृत्तात तिचा उल्लेख नाही. थांबविणारा मी होतो. त्या दिवशी सभेचे संचालन माझ्याकडे होते. गणवेशाची चूक मी तीस वर्षांपूर्वी केली होती, प्रयोग खाते उघडून मला काही वर्षे झाली होती, आणि तरीही गादीऐवजी खुर्ची मिळताच मी पुन्हा तोच झालो.

हे व्याख्यान लिहावयास बसलो तेव्हा ती आठवण मला स्वस्थ बसू देईना. परवा मी तिच्या घरी गेलो आणि त्या दिवशी काय बोलणार होतीस, असे विचारले. ती चंद्रपूरला शिकते. ती म्हणाली, "काका, आपल्या धर्मशाळेच्या खोल्या वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. आसपासच्या खेड्यांतल्या मुली येथे शाळेला, कॉलेजला येतात आणि शेवटच्या एस.टी.पर्यंत स्टँडवर बसून असतात. दुपारी त्यांना अभ्यासाला दोन खोल्या उघडून दिल्या तर? सगळ्या जातीधर्मांच्या मुलींना." मी तिला विचारले की, देखरेख कोण करणार, विजेचे बिल कोण भरणार, पर्युषणात काय करावयाचे. तिच्याजवळ तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती, तीही कागदावर लिहिलेली. तिचे तिसरे उत्तर मला पटलेले नाही, आणि तसे मी तिला सांगितले. तिने ते सुधारून आणते असे म्हटले आहे.

तिचा तो कागद मी आज सकाळी सचिवांच्या स्वाधीन केला आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि तो तिनेच मांडावा, अशी माझी विनंती आहे. त्या सभेत मी शेवटच्या रांगेत बसेन आणि सर्वांत शेवटी बोलेन. बोलावे लागलेच तर.